जुन्या .३१५ रायफलीतून हाताने ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांची चाचणी घ्यावी का?

प्रश्न : मांजरातीर, केज (जि. बीड)

सर्वांना नमस्कार. आजोबांनी १९७८ मध्ये घेतलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल गेल्या वर्षी वारसाहक्काने रीतसर माझ्या नावावर झाली. परवाना पीक संरक्षण व स्वसंरक्षणासाठी आहे. आयुध निर्माणीत तयार झालेली, बोल्टने काडतूस चढवायची, पाच काडतुसांच्या मॅगझीनची ही साधी बंदूक. त्या काळी परवानाधारक शेतकऱ्याच्या आवाक्यात असलेली रायफल म्हणजे हीच, असे वडील सांगतात. मी जिल्हा रायफल संघटनेचा सभासद असून दहा मीटर एअर रायफलचा सराव चार वर्षांपासून करतो. संघटनेच्या मार्फत लेखी परवानगी घेऊन मागच्या महिन्यात पोलीस फायरिंग रेंजवर ही रायफल पहिल्यांदा पन्नास मीटरवर तपासली.

निकाल निराश करणारा होता. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून झाडलेल्या पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर, ११० मिलिमीटर आला. त्याआधी झाडलेल्या तीन गोळ्यांचा ग्रुप मात्र ५२ मिलिमीटरचा होता. काडतुसे दुकानातून घेतलेली, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, मऊ टोकाची होती.

परदेशातील नेमबाज स्वस्त बोल्ट रायफलीसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओततात, स्वतः काडतुसे भरतात आणि एकेका मिश्रणाची चाचणी घेऊन आपल्या नळीला मानवणारी गोळी शोधतात, असे वाचनात आले. आजोबा ठासणीच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या चुलीवर ओतत असत, हे मी लहानपणी पाहिले आहे आणि त्यांचा साचा अजून घरात आहे. त्यामुळे तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिशाची ओतीव गोळी .३१५ मध्ये कारखान्याच्या गोळीपेक्षा चांगली चालू शकेल का? आपल्याकडे असे करणे कायद्यात बसते का? आणि मुळात चाचणी कशी घ्यावी, म्हणजे दोष रायफलीचा, काडतुसाचा की माझा, हे कळेल?

---

उत्तर : वकील_उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते बाकीच्या दोन्हींच्या आधी यायला हवे. परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रे किंवा दारूगोळा बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, त्यात रूपांतर करणे यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याकडे असलेला परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. हे कलम मोडल्यास कलम २५ खाली पूर्वी तीन ते सात वर्षे शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली आहे.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘दारूगोळा’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या भरलेल्या काडतुसापुरती थांबत नाही, काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून काडतूस भरण्याचा हातप्रेस मागवून ‘नुसता ठेवला आहे’ असे म्हणणे हा बचाव मानू नये. बंदुकीच्या दारूसाठी १८८४ चा स्फोटक अधिनियम वेगळा लागू होतो.

आजोबांचा साचा ठासणीच्या बंदुकीचा आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे. ठासणीच्या बंदुकीत गोळी आणि दारू तोंडाकडून वेगवेगळी भरतात, तिची रचनाच तशी आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. त्या जुन्या रिवाजाचा आधार घेऊन .३१५ चे काडतूस घरी भरता येईल, असा अर्थ कृपया काढू नये. साच्याबाबतही मनात शंका असेल तर परवाना प्राधिकाऱ्याला लेखी विचारून उत्तर फाइलला लावून ठेवावे.

रेंजवर परवानगी घेऊन चाचणी घेतली, हे योग्य केले. कारखान्याच्या काडतुसांनी, परवान्यावर नोंदलेल्या संख्येच्या मर्यादेत आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवून ती पुढेही घेता येईल. रिकाम्या केसेससुद्धा, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची कवचे, मोजून जपून ठेवाव्यात.

---

उत्तर : पूर्णाकाठ, मूळ परभणी, सध्या ओहायो (अमेरिका)

मी इथे गेली नऊ वर्षे शिशाच्या गोळ्या ओततो. जिथे राहतो तिथे वैयक्तिक वापरासाठी काडतुसे भरणे कायदेशीर आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर अनुभवाने बोलू शकतो. वकीलसाहेबांनी जे लिहिले ते मात्र प्रमाण मानावे. माझे पुढचे लिखाण समजून घेण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नाही, आणि म्हणूनच दारूचे एकही माप इथे देत नाही.

माझी रायफल इथल्या दुकानातील सर्वांत स्वस्त बोल्ट रायफलींपैकी एक आहे. .३०८ विंचेस्टर, प्लास्टिकचा दस्ता, आतल्या सर्पिल खाचांनी गोळीला दर दहा इंचात एक वेढा देणारी नळी. ओतीव गोळीकडे वळलो ते बचतीसाठी, आणि सुरुवातीचे सहा महिने पूर्ण वाया गेले. वाया का गेले, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या ५२ आणि ११० मिलिमीटरच्या आकड्यांत मला तीच चूक दिसते.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण शुद्ध शिसे फार मऊ असते. ब्रिनेल मापावर त्याची कठीणता साधारण ५ असते. वेगाने जाणारी मऊ गोळी नळीतील खाचांना नीट धरत नाही, घसरते, आणि तिचे शिसे नळीत चिकटून बसते. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. शिसे ९०, कथील ५ आणि अँटिमनी ५ टक्के हे इथे वापरले जाणारे एक प्रसिद्ध मिश्रण, त्याची कठीणता १५ च्या आसपास येते. छापखान्यातील लायनोटाइपचा धातू, म्हणजे शिसे ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के, २२ पर्यंत जातो. माझे वडील परभणीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. झिजलेले खिळे पुन्हा ओतायला जात, तेव्हा ‘यात अँटिमनी असते म्हणून अक्षराची धार टिकते’ असे ते सांगत. नुसत्या शिशाचे अक्षर दाबाखाली बसले असते, नुसत्या शिशाची गोळीही तशीच बसते. ओहायोतल्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा लायनोटाइपची वीट हातात घेतली तेव्हा मला त्या छापखान्याचा वास आठवला होता.

कठीणतेइतकेच, माझ्या मते तिच्याहून जास्त, महत्त्व मापाला आहे. ओतीव गोळी नळीच्या खाचांमधील व्यासापेक्षा एक ते दोन सहस्रांश इंच मोठी असावी लागते. ती लहान असली तर मागचा तप्त वायू गोळीच्या कडेने पुढे घुसतो, कड वितळवतो आणि नळी शिशाने माखते. नवशिक्या माणसाला वाटते की गोळी मऊ होती, म्हणून तो आणखी कठीण मिश्रण करतो, आणि कठीण गोळी तर फुगून खाच भरण्याची शक्यता आणखीच कमी होते. मी हेच केले. तीन वेळा मिश्रण बदलले, आणि दोष साच्यातून निघणाऱ्या गोळीच्या व्यासात होता. मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या रिकाम्या नळीतून हळूच ढकलून त्याचे माप घेतले, तेव्हा कळले.

.३१५ बाबत इथे एक खुलासा करतो. ०.३१५ इंच, म्हणजे ८ मिलिमीटर, हे नळीतील उंचवट्यांमधील माप आहे. खाचांमधील माप त्याहून मोठे असते. हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिखरच्या वंशातले. ब्रिटिश काळात लष्कराचे .३०३ काडतूस खासगी बंदुकीत चालू नये म्हणून हिंदुस्थानात हा वेगळा कॅलिबर रुजला. त्यामुळे ‘.३१५ ची गोळी .३१५ इंचाची’ असे समजून कोणी विचार करू लागला तर पहिल्या पायरीलाच घसरेल.

तिसरी गोष्ट वेगाची. तांब्याच्या वेष्टनाची गोळी जो वेग आणि जी गिरकी सहन करते ती शिशाच्या गोळीला झेपत नाही. दहा इंचाच्या वेढ्यात सेकंदाला १,७०० फूट वेगाची गोळी मिनिटाला १,२२,४०० गिरक्या घेते, तर २,४०० फूट वेगाची १,७२,८००. ओतताना गोळीच्या आत राहिलेला हवेचा लहानसा फुगा पहिल्या वेगाला फारसा त्रास देत नाही, दुसऱ्या वेगाला गोळी रेषेबाहेर फेकतो. म्हणून ओतीव गोळी सहसा कमी वेगाने चालवतात आणि तिच्या बुडाला तांब्याची पातळ टोपी बसवतात. गोळी वजन करून निवडणे, बूड भिंगाखाली तपासणे, हे सगळे त्याच फुग्याच्या आणि तिरक्या बुडाच्या भीतीने.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. ज्या रायफलीतून कारखान्याची गोळी ११० मिलिमीटर पसरते, तिच्यातून ओतीव गोळी अधिक चांगली जाईल, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. माझ्या रायफलीतून शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्यांच्या पाच ग्रुपांची सरासरी कारखान्याच्या काडतुसाने दीड इंच आहे आणि नऊ वर्षांच्या खटपटीनंतर ओतीव गोळीने दोन इंच. ओतीव गोळीने धक्का कमी बसतो, खर्च कमी येतो आणि स्वतः केल्याचे समाधान मिळते. अचूकता वाढते, असे मी म्हणू शकत नाही.

पहिले सहा महिने वाया गेले ते तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवल्यामुळे. एका मिश्रणाचा तीन गोळ्यांचा ग्रुप पाऊण इंच आला की मी आनंदाने वहीत लिहीत असे, पुढच्या आठवड्यात तेच मिश्रण अडीच इंच पसरे, आणि मी हवेला, वंगणाला, स्वतःच्या श्वासाला दोष देत नवे मिश्रण करायला बसे. जे पहिल्यापासून होते तेच मला दोनदा दिसत होते.

---

उत्तर : निवृत्त आर्मोरर, नांदेड

मांजरातीर यांना आशीर्वाद. आजोबांची वस्तू जपण्याची इच्छा पाहून बरे वाटले. माझी नोकरी बंदुका उघडण्यात आणि बसवण्यात गेली, म्हणून गोळीपेक्षा बंदुकीकडे बोट दाखवतो.

.३१५ स्पोर्टिंगची यंत्ररचना ली-एनफिल्डची आहे. बोल्टला कुलूप लावणारे कान मागच्या बाजूला आहेत आणि लाकूड दोन तुकड्यांत, मागे दस्ता व पुढे नळीखालचे लाकूड. या पुढच्या लाकडातच निम्म्या तक्रारी असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा लाकूड आक्रसते. पावसाळ्यात तेच फुगते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे असे चालले की ट्रिगर गार्डच्या पुढचा मुख्य स्क्रू आवळलेला वाटतो, पण प्रत्यक्षात लाकूड धरलेले नसते. प्रत्येक गोळीला नळी वेगळ्या जागी बसते आणि नेम धरणारा स्वतःला दोष देतो.

म्हणून बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, मॅगझीन काढून, आधी तो स्क्रू पाहावा. नंतर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, तिच्या खाचेत हलते का, ते अंगठ्याने दाबून पाहावे. मग नळीचे तोंड भिंगाखाली पाहावे. जुन्या लोकांना पुढून सळई घालून साफ करण्याची सवय होती, त्याने तोंडाची कड एका बाजूने घासली जाते आणि बाहेर पडताना गोळीला वायूचा धक्का तिरका बसतो. या रायफलीचा बोल्ट सहज बाहेर निघतो, तेव्हा सळई नेहमी मागूनच घालावी.

नळी आतून हिरवट किंवा तांबूस दिसत असेल तर तांब्याचा थर बसला आहे. तो तांबे काढणाऱ्या द्रावाने एका बैठकीत न काढता दोन-तीन दिवसांत काढावा. खरवडू नये. सफाईनंतर नळीत तेल राहिले असेल तर पहिली गोळी हमखास वेगळी जाते, म्हणून रेंजवर पहिली एक गोळी मोजणीत धरू नये.

बोल्टचे डोके आणि चेंबर (काडतूस बसण्याची नळीतील जागा) यांमधील अंतर गेज लावूनच तपासता येते. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्यावे, आणि रिकाम्या केसवर रिमच्या (बुडाच्या कडेच्या) थोडे वर चकाकणारी रेघ किंवा तडा दिसला तर ते होईपर्यंत बंदूक झाडू नये. स्वतः कानस लावण्याचा मोह कृपया टाळावा. लाकूड खोलात कापून नळी मोकळी केली की रायफल सुधारते, असे आजकाल सांगतात. ते इतर रायफलींना लागू असेल, एनफिल्डच्या काही नळ्यांना पुढे लाकडाचा ठरावीक दाब हवा असतो आणि तो गेला की ग्रुप आणखी बिघडतो. मी असे बिघडवलेले लाकूड पुष्कळ पाहिले आहे. कापलेले लाकूड परत येत नाही.

---

उत्तर : संख्याशास्त्र, लातूर

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि एअर रायफलचा नेमबाज आहे. पूर्णाकाठ यांनी जे अनुभवाने लिहिले त्याचा हिशेब मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय काडतूसही वाया घालवू नये असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याला वर्षाला मोजकीच मिळतात.

रायफल, काडतूस व माणूस तेच राहिले आणि गोळ्या मध्याभोवती नेहमीच्या घंटाकार नियमाने पसरल्या, तरी ग्रुपचा आकार गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. पसरण्याचे एकक १ धरले तर तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २.४१, पाचांचा ३.०७ आणि दहांचा ३.८१ एकके येतो. म्हणजे पाचांचा ग्रुप तिनांच्या ग्रुपपेक्षा सुमारे २७ टक्के मोठा असणे हे स्वाभाविक आहे, त्यात काही बिघडलेले नाही. शिवाय एकच एक ग्रुप त्या सरासरीभोवती बराच हलतो. पाच गोळ्यांच्या ग्रुपची ही हालचाल सुमारे २७ टक्के आणि तीन गोळ्यांची ३७ टक्के असते. समजा, तुमच्या रायफलीचा पाच गोळ्यांचा खरा सरासरी ग्रुप ९० मिलिमीटर आहे. तर तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप ७० च्या आसपास असेल, आणि एखाद्या वेळी ५२ व एखाद्या वेळी ११० येणे यात आश्चर्य वाटण्यासारखे काहीच नाही. तुमचे दोन्ही आकडे एकाच रायफलीचे, एकाच अवस्थेतील असू शकतात. ५२ मिलिमीटर हा ‘चांगला’ ग्रुप आणि ११० हा ‘बिघडलेला’, असे म्हणायला अजून आधार नाही.

चाचणी कशी घ्यावी, याचे माझे मत असे. दोन लॉटची, म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी तयार झालेल्या काडतुसांची, तुलना करायची असेल तर एका लॉटचे सगळे आधी आणि दुसऱ्याचे नंतर झाडू नये. नळी तापते, ऊन चढते, वारा सुटतो, डोळा थकतो, आणि हे सगळे नंतरच्या लॉटच्या माथी बसते. पाच पहिल्या लॉटच्या, पाच दुसऱ्याच्या, पुन्हा पाच दुसऱ्याच्या आणि शेवटी पाच पहिल्याच्या, असा क्रम लावावा. प्रत्येक पाचांसाठी नवा कागद. ग्रुपांच्या मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे.

दुसरे, टोकाच्या दोन छिद्रांतील अंतरच मोजले तर पाचपैकी तीन गोळ्यांची माहिती आपण फेकून देतो. आलेखपत्राच्या साहाय्याने प्रत्येक छिद्राचे आडवे व उभे अंतर लिहावे, त्यांच्या सरासरीने ग्रुपचा मध्य काढावा, आणि त्या मध्यापासून पाचही छिद्रांच्या अंतरांची सरासरी घ्यावी. ही सरासरी त्रिज्या तेवढ्याच गोळ्यांत अधिक स्थिर आकडा देते. आडवा विस्तार आणि उभा विस्तार वेगळा दिसतो, हा तिचा दुसरा उपयोग. उभा विस्तार फार मोठा असेल तर काडतुसांचा वेग कमीजास्त आहे किंवा रायफल पिशवीवर दर वेळी वेगळ्या जागी टेकते आहे, असा संशय घ्यायला जागा होते. आडवा असेल तर ट्रिगर किंवा वारा पाहावा.

प्रत्येक लॉटचे दहा-दहा, म्हणजे एकूण वीस काडतूस एवढाच साठा असेल तर दोन लॉटमधील बारीक फरक ओळखण्याची आशा ठेवू नये. एक लॉट दुसऱ्याच्या जवळपास दीडपट पसरला, तरच काही म्हणता येईल. त्यापेक्षा कमी फरक आला तर ‘फरक दिसला नाही’ असेच वहीत लिहावे. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या फेरीत लॉटची तुलनाच केली नसती. आर्मोरर काकांनी सांगितलेले स्क्रू, माशी, तोंड आणि सफाई यांच्या आधीचा एक आणि नंतरचा एक असा फरक पाहिला असता, कारण तो फरक मोठा असण्याची शक्यता आहे आणि मोठा फरक थोड्या काडतुसांत दिसतो.

रेंजवर पोहोचल्यावर काडतुसांचा डबा मोटारीच्या काचेखाली किंवा उन्हात ठेवू नये. दारूचे तापमान वाढले की चेंबरमधील दाब व गोळीचा वेग दोन्ही वाढतात. आपल्या उन्हात बंद मोटारीच्या आत हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता साठते, आणि त्या डब्यातली काडतुसे सावलीतल्या काडतुसांच्या बरोबरीने तपासली तर तुलना मुळातच चुकते. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरावी, नंतर जमिनीवरून तापलेली हवा वर उठू लागली की टार्गेट डोळ्यांपुढे तरंगते.

---

प्रश्नकर्त्याचे उत्तर : मांजरातीर, केज

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. काडतूस भरण्याचा विचार पूर्णपणे सोडला आहे. आजोबांच्या साच्याबद्दल वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे लेखी विचारणा करत आहे. आर्मोरर काका, पुढचा स्क्रू खरोखरच केवळ वरवर आवळलेला होता. काडीने दाबले तरी नळीजवळचे लाकूड हलत होते. माशी घट्ट आहे. नळीच्या तोंडाची खालची कड मात्र भिंगाखाली थोडी गोल झालेली दिसते, आणि आजोबा सळई पुढूनच घालत, हे मला आठवते. तोंडाच्या कडेचे काय करावे?

---

उत्तर : निवृत्त आर्मोरर, नांदेड

आधी काहीच करू नये. स्क्रू परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून नीट बसवून घ्यावा, त्याच वेळी गेजही लावून घ्यावे. नळी साफ करावी आणि चाचणी घ्यावी. तोंडाची कड पुन्हा कापणे हे लेथवरचे काम आहे, एकदा कापली की मूळ स्थितीत येत नाही. आधीच्या दोन गोष्टींनी पुरेसा फरक पडला तर तोंडाला हात लावण्याची गरज राहणार नाही.

---

उत्तर : पूर्णाकाठ, ओहायो

एका गोष्टीची भर घालतो. साच्याची परवानगी मिळो वा न मिळो, शिसे चुलीवर वितळवण्याचा आजोबांचा प्रकार घरात पुन्हा करू नये, मासे पकडण्याच्या गळाचे वजन ओतायचे असले तरीही. शिशाचे बारीक कण आणि भस्म हातांवर, कपड्यांवर, भांड्यांवर बसतात आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक असतात. वितळलेल्या शिशात ओलसर तुकडा पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. मी एकदा पावसात भिजलेली वीट भांड्यात टाकली होती, छताला चिकटलेले शिशाचे थेंब अजून काढायचे आहेत. चेहऱ्यावर संरक्षक काच होती म्हणून डोळे वाचले. रेंजवरून परत आल्यावर हात साबणाने धुऊनच जेवायला बसावे, हे तर एअर रायफलच्या छर्‍यांनाही तितकेच लागू आहे.

---

प्रश्नकर्त्याचे उत्तर : मांजरातीर, केज

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. दुरुस्तीवाल्याने पुढच्या लाकडातील झिजलेली जागा भरून स्क्रू बसवला आणि गेज लावून अंतर मर्यादेत असल्याचे सांगितले. नळीतील तांबे तीन दिवसांत निघाले, पहिल्या दिवशी कापडाचा बोळा गर्द निळा झाला होता. तोंडाला हात लावला नाही.

रविवारी सकाळी सव्वासातला रेंजवर, त्याच लॉटची २१ काडतुसे घेऊन गेलो. पहिली मोजणीबाहेर. पुढच्या वीस गोळ्या पाच-पाचच्या चार कागदांवर झाडल्या, प्रत्येक ग्रुपनंतर वीस मिनिटे थांबलो. पन्नास मीटरवरचे चार ग्रुप ५१, ७४, ४६ आणि ६३ मिलिमीटर आले, सरासरी ५८.५. सरांच्या सूचनेप्रमाणे छिद्रांची अंतरे आलेखपत्रावर मांडली, चारही कागदांची मिळून सरासरी त्रिज्या २३ मिलिमीटर येते. उभा विस्तार आडव्यापेक्षा स्पष्टपणे अधिक आहे. दुसऱ्या ग्रुपच्या वेळी रायफल पिशवीवर नेहमीपेक्षा पुढे टेकवली होती, हे मला झाडल्यानंतर लक्षात आले आणि मी ते त्याच कागदावर लिहून ठेवले आहे. तो कागद मोजणीतून काढलेला नाही.

पुढच्या वेळी पिशवीवर टेकण्याची जागा लाकडावर खडूने आखून घेणार आहे आणि बाकी काहीही बदलणार नाही. उभा विस्तार तरीही तसाच राहिला, तर दुसऱ्या लॉटची काडतुसे आणून सरांनी सांगितलेल्या क्रमाने तुलना करेन आणि आकडे इथे देईन.

---

उत्तर : संख्याशास्त्र, लातूर

७४ चा कागद मोजणीत ठेवला, हे फार चांगले केले. आधीचा एकच ११० चा ग्रुप होता, त्यामुळे ‘सुधारणा निम्म्याने झाली’ असे मी आत्ता म्हणणार नाही. पण आता आपल्याकडे वीस गोळ्यांची पायाभूत नोंद आहे आणि पुढची प्रत्येक तुलना तिच्याशी करता येईल. खडूची खूण केल्यावर पुन्हा वीसच गोळ्या झाडाव्यात, दहा नको. कागदांचे फोटो टाकताना वेळ, तापमान आणि लॉट क्रमांक कागदावरच लिहिलेला असावा.